फुफ्फुसधमनीचा रक्तदाब आणि त्यावरील औषधे

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याने निघाले की मच्छे गाव लागते. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाच्या इमारती, औद्योगिक वसाहतीतील फौंड्र्या आणि त्यांच्यामधून अजून टिकून राहिलेली भाताची शेते, असा हा संमिश्र प्रदेश आहे. अशा गावात एखाद्या तिशीच्या स्त्रीला पाण्याची घागर उचलताना किंवा जिना चढताना धाप लागू लागली, तर प्रथम काय होते? घरची वडील माणसे म्हणतात, अशक्तपणा आहे. मग लोहाच्या गोळ्या येतात, टॉनिकाची बाटली येते. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला जातो. तो १२० आणि ८० भरतो आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो. पुढे केव्हा तरी पायांवर सूज दिसू लागते, एखादे दिवशी चालता चालता भोवळ येते, आणि तेव्हा कोठे हृदयाचा एको काढण्याचा सल्ला मिळतो. तोवर वर्ष दोन वर्षे निघून गेलेली असतात.

दंडावर मोजलेला रक्तदाब खोटा नव्हता. परंतु शरीरात रक्तदाब एकच नसतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. हृदयाचा डावा भाग सर्व शरीराला रक्त पुरवतो, आणि दंडावर मोजला जातो तो त्या बाजूचा दाब. उजव्या भागाचे काम निराळे. शरीरातून परत आलेले काळपट रक्त फुफ्फुसांकडे धाडावयाचे, एवढेच ते काम. वाट जवळची आणि रक्तवाहिन्या मऊ, रुंद. म्हणून तेथे फारसा जोर लागत नाही. निरोगी माणसाच्या फुफ्फुसधमनीतील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे १४ मिलिमीटर इतकाच असतो. हा दाब विश्रांतीच्या वेळीही २० च्या वर राहू लागला म्हणजे तो विकार समजावा, असे तज्ज्ञ आज मानतात. पूर्वी ही मर्यादा २५ होती.

धमनीच्या बारीक शाखांच्या भिंती जाड झाल्या, आतील पोकळी अरुंद झाली, की उजव्या कप्प्याला प्रत्येक ठोक्यास अधिक बळ खर्चावे लागते. नळ अर्धा बंद असताना पंप चालवावा तसा हा प्रकार आहे. प्रारंभी तो कप्पा जाड होतो व वेळ निभावतो. मग फुगतो, दमतो आणि अखेर हात टेकतो. अमेरिकेत १९८१ ते १९८५ या काळात नोंदविलेल्या रुग्णांची जी माहिती पुढे प्रसिद्ध झाली, तीत निदानानंतर निम्मे रुग्ण तीन वर्षांच्या आतच दगावलेले आढळले. त्या काळी या रोगावर खास असे औषधच नव्हते. आज औषधे आहेत, एकच नव्हे तर अनेक आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या गुणांबरोबर त्यांचे धोकेही जाणून घेणे अगत्याचे झाले आहे.

परंतु औषधाकडे वळण्यापूर्वी एक भेद नीट ध्यानी घ्यावयास हवा, कारण सारा अनर्थ बहुधा येथेच होतो. फुफ्फुसांतील दाब वाढला, एवढे म्हटल्याने रोगाचे नाव कळत नाही. वैद्यकशास्त्राने त्याचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात धमनीच मुळात बिघडलेली असते. कधी कारण सापडत नाही, कधी जन्मतः हृदयाला असलेले छिद्र वेळीच न बुजविल्याने तसे होते, तर कधी सांध्यांच्या व त्वचेच्या विकारांतून. दुसऱ्या वर्गात दोष हृदयाच्या डाव्या बाजूचा असतो. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन झडप आवळली गेली, तर रक्त मागे तुंबते आणि फुफ्फुसांतील दाब चढतो. तिसरा वर्ग फुफ्फुसांच्या रोगांचा. वर्षानुवर्षे चुलीचा धूर खाल्लेली गृहिणी किंवा फौंड्रीतील वाळूची बारीक धूळ छातीत साठविलेला कामगार, यांचा विकार पुष्कळदा याच वर्गात मोडतो. चौथ्या वर्गात रक्ताच्या जुन्या गुठळ्या वाट अडवून बसलेल्या असतात, व त्या शस्त्रक्रियेने काढता येण्याचा संभव असतो. पाचवा वर्ग उरलेल्या किरकोळ कारणांचा. केरळात ५० रुग्णालयांनी मिळून सुमारे २,००० रुग्णांची नोंद केली, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण दुसऱ्या वर्गातील निघाले.

आता ज्या औषधांची कीर्ती आपण ऐकतो, ती मुख्यतः पहिल्या वर्गासाठी आहेत. तीच गोळी दुसऱ्या वर्गातील रुग्णाला दिली तर काय होईल? अरुंद वाहिन्या रुंदावतील, रक्त जोराने पुढे जाईल आणि आधीच तुंबलेल्या डाव्या बाजूवर येऊन आदळेल. फुफ्फुसांत पाणी भरण्याचे भय असते ते यामुळे. स्पेनमध्ये झडपेची दुरुस्ती झालेल्या, पण दाब शिल्लक राहिलेल्या २०० रुग्णांवर सिल्डेनाफिल या औषधाचा प्रयोग झाला. २०१८ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा ढासळली. फुफ्फुसांना कायमचे वण पडलेल्या रुग्णांना रिओसिग्वाट देण्याचा एक प्रयोग तर २०१६ साली मध्येच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होऊ लागले. शेजारच्या बाईला ज्या गोळीने उतार पडला तीच आपण आणावी, या भाबड्या विचाराचे मोल किती भारी पडू शकते, हे यावरून दिसेल.

यासाठीच एकोवर भागत नाही. एको हा अंदाज देतो. निश्चित मोजमाप होते ते मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून बारीक नळी उजव्या हृदयापर्यंत नेऊन. या कॅथेटर तपासणीचे नाव काढताच घरातील माणसे घाबरतात, आणि 'गोळ्या देऊन बघा' असा आग्रह डॉक्टरांना करतात. हा आग्रह मोडून काढणाऱ्या डॉक्टरांचे उपकार मानले पाहिजेत. तपासणीत धोका अगदीच नाही असे नाही, पण सरावाच्या हाताखाली तो अल्प असतो. चुकीच्या वर्गाच्या औषधाचा धोका त्याहून पुष्कळ मोठा.

सिल्डेनाफिलचा इतिहास मनोरंजक आहे. इंग्लंडात केंट परगण्यातील सँडविच येथे फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत ते हृदयशूळावर म्हणून तयार झाले. त्या कामी ते फारसे उतरले नाही, परंतु पुरुषांच्या एका निराळ्याच दौर्बल्यावर ते गुणकारी ठरले, आणि १९९८ पासून व्हायग्रा या नावाने जगभर गाजले. फुफ्फुसांच्या वाहिन्याही त्याने सैल पडतात हे पुढे ध्यानात आले. या बाबतीत भारतीय वैद्यांनी हातावर हात ठेवून वाट पाहिली नाही, ही अभिमानाची गोष्ट होय. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे भारतात औषधी द्रव्यावर पेटंट मिळत नसे, केवळ कृतीवर मिळे. त्यामुळे देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात होत्या. हैदराबाद येथे डॉ. बी. के. एस. शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ रुग्ण निवडले. प्रत्येकाला सहा आठवडे खरी गोळी व सहा आठवडे बिनऔषधी गोळी दिली, आणि केव्हा कोणती हे ना रुग्णास ठाऊक ना तपासणाऱ्यास. बिनऔषधी गोळीवर असताना हे रुग्ण फिरत्या पट्ट्यावर सरासरी ४७५ सेकंद चालू शकत. औषधावर असताना ६८६ सेकंद. हा निबंध २००४ साली अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला. पुढच्याच वर्षी २७८ रुग्णांवरील मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेत या रोगासाठी औषधास मान्यता मिळाली. २० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा घेतल्याने सहा मिनिटांत चालण्याचे अंतर सुमारे ४५ मीटरने वाढले. ८० मिलिग्रॅमने वाढले तेही ५०च मीटर. अधिक मात्रा म्हणजे अधिक गुण, असे येथे नाही.

डोके दुखणे, चेहरा लाल होणे, जळजळ, नाकातून रक्त येणे, हे या गोळीचे नेहमीचे उपद्रव आहेत, व ते बहुधा सोसण्याजोगे असतात. अकस्मात दृष्टी किंवा ऐकू येणे गेले, तर मात्र गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांस गाठले पाहिजे. परंतु प्राणावर बेतणारा धोका दुसराच आहे. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवावयाची गोळी अनेक घरांतून देव्हाऱ्याजवळ किंवा उशाशी तयार असते. ती नायट्रेट जातीची असते. सिल्डेनाफिल घेणाऱ्या माणसाने ती घेतली तर सर्व शरीराचा रक्तदाब एकाएकी कोसळतो व माणूस दगावूही शकतो. धाप लागून घाबरलेल्या सुनेच्या तोंडात सासऱ्याची गोळी मायेने घालावी, आणि त्या मायेनेच घात व्हावा, असा हा प्रसंग आहे. रात्री-अपरात्री ज्या दवाखान्यात नेले असेल तेथेही प्रथम हेच सांगावयास हवे की रुग्ण सिल्डेनाफिल, टाडालाफिल किंवा रिओसिग्वाट यांपैकी काय घेत आहे.

आणखी एक अडचण पुस्तकांत लिहिलेली नसते. औषधाच्या दुकानात एखादी तरुण मुलगी ही चिठ्ठी घेऊन उभी राहिली की काउंटरमागे हसू उमटते. वडील ती गोळी आणावयास संकोचतात, भाऊ नकार देतो, आणि मुलगी दोन दिवस गोळीवाचून राहते. या औषधाचा परिणाम काही तासच टिकतो; एक फेरी चुकली तरी दाब पुन्हा वर सरकतो. फुफ्फुसांच्या रोगावर हे औषध चालते, एवढे ज्ञान विक्रेत्याला नसावे हे खेदजनक आहे, पण त्याच्या अज्ञानाची लाज रुग्णाने का बाळगावी?

दुसऱ्या घराण्यातील औषध बोसेंटन. या रोगावर तोंडाने घेण्याचे मान्यता पावलेले हे पहिले औषध; अमेरिकेत ते २००१ साली आले. एंडोथेलिन नावाचे द्रव्य वाहिन्या आवळते, त्याला हे अडथळा करते. परंतु यकृतावर त्याचा ताण पडतो. शंभरांतील सुमारे दहा रुग्णांच्या रक्तात तसे दाखले मिळतात, आणि ते दिसतात तेव्हा रुग्णाला स्वतःला काहीच होत नसते. म्हणून दर महिन्यास यकृताची रक्ततपासणी हा या औषधाचाच एक भाग समजावयास हवा. शेतकामाच्या दिवसांत 'बरे वाटते आहे, मग सुई कशाला' असे म्हणून ती चुकविली जाते. याच घराण्यातील सिटाक्सेंटन हे औषध यकृत निकामी होऊन झालेल्या मृत्यूंमुळे २०१० च्या अखेरीस जगभरातून मागे घ्यावे लागले, हे विसरून चालणार नाही. अ‍ॅम्ब्रिसेंटन आणि मॅसिटेंटन ही नंतरची भावंडे यकृताला कमी त्रास देतात. पहिल्याने पायांवर सूज येते, दुसऱ्याने रक्त कमी होते. मधुमेहासाठी ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यास बोसेंटन वर्ज्य आहे. क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसिन सिल्डेनाफिलचा प्रभाव पार घटविते. आपल्याकडे क्षय काही दुर्मीळ नव्हे.

सर्वांत कठीण प्रश्न येतो तो विवाहित तरुणींचा, आणि हा रोग तर स्त्रियांतच अधिक. बोसेंटनच्या घराण्यातील प्रत्येक औषध, तसेच रिओसिग्वाट, गर्भात व्यंग निर्माण करू शकते. मग औषध बदलले म्हणजे झाले, असे घरच्यांना वाटते. पण खरा शत्रू औषध नव्हे, रोग आहे. गरोदरपणी रक्ताचे प्रमाण वाढते, आणि दमलेल्या उजव्या कप्प्याला तो भार पेलत नाही. जुन्या नोंदींत अशा दहा मातांपैकी तीन ते पाच दगावलेल्या दिसतात. अलीकडे हे प्रमाण घटले आहे, तरी धोका भयंकरच आहे, आणि बहुतेक मृत्यू बाळंतपणानंतरच्या महिन्यात होतात, जेव्हा घरात बारशाची तयारी चाललेली असते. त्यात बोसेंटनमुळे संततिनियमनाच्या संप्रेरकयुक्त गोळ्यांचा प्रभाव घटतो, हे पुष्कळांना कोणी सांगितलेलेच नसते. सीमाभागात तर एक जादा अडसर आहे. कागद इंग्रजीत, डॉक्टरांचे बोलणे पुष्कळदा कानडीत, आणि रुग्ण मराठीत विचार करणारी. मान डोलावून ती घरी येते. पतीला व सासूला समोर बसवून तिच्या भाषेत ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे. एकट्या सुनेच्या कानात सांगून तिच्यावरच दोष येतो.

औषधानेच हा रोग जडल्याचेही दाखले आहेत. १९६५ साली स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व जर्मनीत अ‍ॅमिनोरेक्स नावाची भूक मारणारी गोळी विक्रीस आली आणि दोन-तीन वर्षांतच तेथे या रुग्णांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. त्याच जातीची फेनफ्लुरामाइन १९९७ साली बाजारातून काढली गेली. वजन उतरविण्याच्या अनोळखी पुड्या आजही विकल्या जातात, म्हणून हा उल्लेख.

साध्या रक्तदाबावरील निफेडिपिनसारखी स्वस्त औषधे काही थोड्या रुग्णांना अप्रतिम लागू पडतात. पण ते थोडे कोण, हे कॅथेटर तपासणीच्या वेळी एक विशिष्ट वायू हुंगवून पाहिल्यावरच कळते. इतरांना ती घातक. सिल्डेनाफिलच्या जातीचे आणि बोसेंटनच्या जातीचे औषध प्रारंभापासून जोडीने द्यावे, असा कल आता आहे. २०१५ सालच्या प्रयोगात अशी जोडी घेणाऱ्यांपैकी शेकडा १८ जणांची प्रकृती ढासळली, एकेरी औषध घेणाऱ्यांत शेकडा ३१ जणांची. इपोप्रोस्टेनॉल हे १९९५ पासूनचे औषध सर्वांत जोरकस. परंतु ते रक्तात काही मिनिटेच टिकते, म्हणून छातीत बसविलेल्या नळीतून पंपाने रात्रंदिवस द्यावे लागते. पंप बंद पडला तर जीव धोक्यात. २०२४ साली अमेरिकेत मान्य झालेले सोटाटरसेप्ट तीन आठवड्यांतून एकदा टोचले जाते व वाहिनीच्या जाड झालेल्या भिंतीवरच काम करते. गंभीर रुग्णांवरील त्याच्या प्रयोगात मृत्यू, फुफ्फुसरोपण किंवा रुग्णालयातील दीर्घ मुक्काम यांपैकी काही ओढवलेल्यांचे प्रमाण शेकडा ५५ वरून १७ वर आले. त्याने रक्त दाट होते, रक्तस्रावही होतो. त्याची किंमत मच्छेच्या फौंड्रीत मजुरी करणाऱ्याने विचारूही नये अशी आहे.

गोळ्या एकाएकी बंद करणे हे यांपैकी कोणत्याही औषधाच्या बाबतीत धोक्याचे. यात्रेस किंवा लग्नास बाहेरगावी जाताना चार दिवसांच्या गोळ्या जादा घ्याव्यात. घरातील भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते; त्याच्या शेजारी एक कागद मराठीत लिहून लावावा. गोळ्यांची नावे, वेळा, जिभेखालची गोळी चालत नाही ही सूचना, आणि यकृताची पुढची तपासणी ज्या तारखेस आहे ती तारीख. तोच कागद रुग्णालयात जाताना बरोबर न्यावा.