हवामानाचा अंदाज आणि पेढीचा हिशेब

2018 च्या पावसाळ्यात परभणी ग्रामीण पोलीस ठाण्यात एक आगळी तक्रार पोहोचली. तक्रारदार शेतकरी संघटनेचे होते आणि रोष होता भारतीय हवामान विभागावर. चांगल्या पावसाचे भाकीत ऐकून पेरणी केली, पावसाने पाठ फिरवली आणि बियाणे-खताचा पैसा मातीत गेला, असे त्यांचे म्हणणे. आदल्याच वर्षी शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातही अशी तक्रार झाली होती.

मानवत, सेलू, जिंतूरच्या बाजारपेठेतील घरांना हे दुःख परके नाही. शेतकऱ्याची दुबार पेरणी म्हणजे कृषी सेवा केंद्राच्या खातेवहीत दिवाळीनंतरही न फिटणारी बाकी. म्हणून त्या वर्षी विभागाने नेमके काय सांगितले होते, हे पाहणे उपयोगाचे ठरते.

एप्रिलमधील अंदाज होता सरासरीच्या 97 टक्के. प्रत्यक्षात देशात 91 टक्के पाऊस झाला आणि मराठवाड्यात त्याहूनही बराच कमी. अंदाज चुकला हे खरेच. परंतु वाचणाऱ्यांचीही एक चूक झाली. तो आकडा संपूर्ण देशाचा आणि जून ते सप्टेंबर या चारही महिन्यांचा एकत्रित होता. देशभरातील कापसाच्या सरासरी भावावरून कोणी मानवतच्या बाजारात सौदा करीत नाही. पावसाच्या बाबतीत मात्र शहाणी माणसेही तसे करतात.

दैनंदिन अंदाजाचे शास्त्र निराळे आहे. संगणकीय प्रारूपात पृथ्वीभोवतीचे वातावरण चौकटींत विभागले जाते. प्रत्येक चौकटीतील तापमान, दाब, आर्द्रता व वारा यांची आजची नोंद घेऊन पुढील स्थिती गणिताने काढली जाते. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे गणित हाताने करून पाहिले होते. सहा तासांच्या अंदाजासाठी त्याला सुमारे सहा आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकले! तरीही 1922 मध्ये त्याने ते प्रामाणिकपणे ग्रंथात छापले. आज हेच काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्का’ हा महासंगणक करतो. 26 मे 2025 रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ राष्ट्राला अर्पण झाली आणि पूर्वीची 12 किलोमीटरची चौकट 6 किलोमीटरवर आली. परभणी जिल्ह्यापुरते बोलायचे तर जेथे चाळीस-पंचेचाळीस चौकटी होत्या, तेथे आता पावणेदोनशेच्या आसपास झाल्या. तरी एका चौकटीत छत्तीस चौरस किलोमीटरचा मुलूख सामावतो. बांधाच्या अलीकडे सर आणि पलीकडे ऊन, हा भेद तिला दिसत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. 1961 मध्ये अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकाला 0.506127 ऐवजी 0.506 एवढाच आकडा दिला. पैसे सोडून रुपयांत हिशेब मांडावा, तशी ही गोष्ट. काही काळाने दोन्ही उत्तरांचा परस्परांशी मेळच उरला नाही. म्हणूनच आता प्रारंभीच्या आकड्यांत किंचित फेरफार करून एकच गणित अनेकदा केले जाते. बहुतेक उत्तरे एका बाजूला झुकली तर अंदाज भक्कम, ती पांगली तर कच्चा. साहजिकच पाच दिवसांच्या अंदाजावर जेवढी भिस्त ठेवता येते, तेवढी पंधराव्या दिवसाच्या अंदाजावर ठेवता येत नाही.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. भारतीय संख्याशास्त्राचे जनक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1920 च्या दशकात कलकत्त्याच्या अलीपूर वेधशाळेत काम केले होते. पुढे 1954 मध्ये संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना त्यांनी जैनांच्या स्याद्वादाची आवर्जून दखल घेतली. स्याद्वाद म्हणजे संभाव्यतेचे गणित नव्हे. पण विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे हे विचारण्याची सवय ज्या घरांत आहे, त्यांना हवामानाचे पत्रक वाचणे जड जाऊ नये.

कारण त्या पत्रकातील प्रत्येक शब्दाला माप आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातील फार तर पाव केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण भागापर्यंत. ‘मुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर किंवा अधिक, आणि 115.6 पासून पुढे ‘अति मुसळधार’. पिवळा इशारा लक्ष ठेवण्याचा, नारिंगी तयारीचा, लाल तत्काळ कृतीचा. ऑक्टोबरात सोयाबीनचा माल उघड्यावर पडलेला असताना ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ एवढे वाचूनही ताडपत्री काढणारा व्यापारी भित्रा नसतो. ताडपत्रीचा खर्च आणि भिजलेल्या मालाचा तोटा, दोन्ही त्याने तोललेले असतात.

परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तेथून दर मंगळवारी व शुक्रवारी मराठवाड्यासाठी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. त्यातील जूनचे सांगणे बहुतेक वर्षी एकच असते: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये. पहिल्याच सरीनंतर उधारीवर बियाण्याची पिशवी मागायला आलेल्या गिऱ्हाईकाला हा आकडा ऐकवणारे दुकानदार त्या दिवशीची विक्री गमावतात. गिऱ्हाईक कधी रागावून शेजारच्या दुकानातही जाते. ऑगस्टात मात्र त्यांच्या खातेवहीची पाने शेजाऱ्याच्या मानाने कोरी असतात.