जेसन-पार्सरची परीक्षा : विस्तार आणि खोली

‘रामाने, गोविंदाने, हरी आला असे सांगितले, असे लिहिले.’ हे वाक्य व्याकरणास मान्य आहे. परंतु त्यात आणखी एक कर्ता खोचला की वाचक गोंधळतो. प्रत्येक कर्ता त्याचे क्रियापद येईपर्यंत स्मरणात धरावा लागतो, आणि ही धारणशक्ती अल्प असते. संगणकांतील माहितीची देवघेव ज्या जेसन नामक लेखनपद्धतीने होते, तिच्या बाबतीतही हीच अडचण उद्भवते.

जेसनमध्ये यादी चौकोनी कंसांत लिहितात आणि नाव-मूल्यांच्या जोड्या महिरपी कंसांत. यांपैकी कोणत्याही कंसात दुसरा कंस येऊ शकतो. हे लेखन वाचून त्याची रचना उलगडणारा प्रोग्रॅम म्हणजे पार्सर. त्याची कसोटी पुष्कळदा केवळ मोठ्या फाइलीने घेतात. शंभर मेगाबाइटांची सरळ यादी वेळ व स्मृती यांची परीक्षा घेते खरी, पण खोलीची नव्हे. उलट, नुसते एक लाख उघडे चौकोनी कंस म्हणजे अवघे एक लाख बाइट. साध्या छायाचित्राहूनही लहान फाइल! निकोला सेरियो यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात अशीच फाइल होती, आणि तिच्यापुढे काही पार्सर कोसळले.

याचे कारण असे की, यादी वाचणारे फंक्शन आतील यादी लागताच स्वतःलाच पुन्हा बोलावते. अपुऱ्या राहिलेल्या प्रत्येक कामाची नोंद स्टॅकवर, उतरंडीतील मडक्यांप्रमाणे, एकावर एक चढते. स्टॅकची जागा मर्यादित असल्यामुळे ती संपली की बहुधा सारा प्रोग्रॅमच बंद पडतो. म्हणजे सार्वजनिक सेवा बंद पाडण्यास एवढीशी फाइल पुरे.

जेसनच्या व्याकरणाने खोलीला सीमा घातलेली नाही. मात्र 2017 च्या आरएफसी 8259 या प्रमाणलेखाने पार्सरकर्त्यास ती घालण्याची मुभा दिली आहे. पीएचपीमध्ये ती मुळात 512 आहे, रस्ट भाषेतील सर्दे-जेसनमध्ये 128, तर डॉटनेटच्या पार्सरमध्ये 64. तेव्हा 300 पातळ्यांचा निर्दोष मजकूर पहिला स्वीकारतो आणि उरलेले दोघे नाकारतात. व्यवहारात इतकी खोली क्वचितच लागते. म्हणून नकार हा दोष नव्हे, अकस्मात कोसळणे हा दोष होय.

सबब चाचणी सीमेवर, सीमेच्या एक पातळी पुढे आणि तिच्या फार पलीकडे, अशी तिन्ही ठिकाणी घ्यावी. कंस मिटलेले आणि न मिटलेले, दोन्ही नमुने द्यावेत. वाचन निर्विघ्न पार पडले तरी परीक्षा संपत नाही. तयार झालेली खोल रचना पुन्हा लिहून काढताना किंवा तिची स्मृती मोकळी करतानाही तीच उतरंड रचली जाऊ शकते.