पाय अधू की जिना अधू?

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्या उपनगरातलीच आहे. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी विराली मोदी यांचं लग्न खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात झालं. त्या चाकाच्या खुर्चीवर वावरतात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सह्या घ्यायला खाली यायला कुणी तयार नाही. शेवटी नवरीला उचलून जिना चढवावा लागला. त्यांनी हे जाहीरपणे मांडलं, तेव्हा त्यावेळचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली.

हे वाचून तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघाला? ‘बिचारी’ ना?

आपल्याकडची जुनी समजूत हीच. अपंगत्व म्हणजे मागच्या जन्मीचं देणं. आपण दान करावं आणि हळहळावं. त्यातही बोल लागतो तो आईला. ओठ फाटलेलं मूल जन्मलं की सासरी विचारतात, “ग्रहण पाळलं नव्हतंस का गं?”

डॉक्टरांनी या बोलातून आईला सोडवलं, हे उपकार विसरू नयेत. असा ओठ आज शस्त्रक्रियेने शिवता येतो. पण डॉक्टरी नजर सगळा दोष शरीरातच शोधते. बरं झालं तर उत्तम, नाहीतर बसा घरी! जे बरं होणारच नाही, त्याचं काय?

१९७६ साली ब्रिटनमधल्या अपंगांच्याच एका संघटनेने प्रश्न उलटा केला. शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने घातलेली आडकाठी वेगळी, असं त्यांनी सांगितलं. माईक ऑलिव्हर या अभ्यासकाने १९८३ मध्ये या विचाराला ‘सामाजिक’ दृष्टिकोन असं नाव दिलं. खारचंच बघा ना. नवरीचे पाय तेच, पण कार्यालय तळमजल्यावर असतं तर बातमीच झाली नसती!

आपला २०१६ चा कायदाही याच बाजूला झुकतो. जुन्या सार्वजनिक इमारती सोयीच्या करायला २०१७ च्या नियमांपासून पाच वर्षं दिली होती. म्हणजे खारचा प्रसंग घडला तो मुदत उलटून गेल्यावर. दाखल्यावर मात्र अजूनही डॉक्टरच टक्के लिहितात. मला स्वतःला हा तिसरा विचार पटतो. अर्थात पाठीची कळ काही रॅम्पने थांबत नाही, तिला औषधच हवं.

आता आपल्या दाराशी या. मुलुंड-बोरिवलीच्या कितीतरी इमारतींत लिफ्ट असते, पण लिफ्टपर्यंत चार पायऱ्या! तिथे रॅम्प करायचा तर टेप घेऊन मोजा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या म्हणजे दोन फूट, म्हणजे चोवीस फूट रॅम्प. जागा कमी असेल तर मध्ये सपाट जागा ठेवून वळवून घ्या, कठडा लावा. मिस्त्री सहा फुटांत उरकून देतो म्हणेल. ती घसरगुंडी होते, बरं का. सभेत खर्चावरून कुरकुर झाली, तर सासूबाईंचे गुडघे आणि नातवाची बाबागाडी पुढे करा.

आणि हळदीकुंकवाला बोलावताना “तुम्हाला जमेल का?” असं विचारू नका. “आमच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत, काय सोय करू?” असं विचारा.