खाण्याचा सोडा आणि आमाशयातील अम्ल : काही दाव्यांची पारख

हृदयाची दुर्बलता असलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या पायांवरील सूज काही केल्या उतरत नव्हती. लोणचे, पापड बंद होते. जेवणातील मीठही बेताचे होते. शेवटी त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी रोज सकाळी अनशापोटी चमचाभर खाण्याचा सोडा घेतात. त्याने अम्लपित्त जाते, असे कुणी सांगितले आहे." सोड्याविषयी विचारावयाचे माझ्याकडूनच राहून गेले होते.

सोडिअम बायकार्बोनेटचा आमाशयातील हायड्रोक्लोरिक अम्लाशी संयोग झाला की मीठ, पाणी व कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. १ ग्रॅम सोडा सुमारे १२ मिलिइक्विव्हॅलंट अम्ल निष्प्रभ करतो. ही क्रिया त्वरित होते, म्हणून रुग्णास उपशय मिळतो, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र तो अल्पकाळ टिकतो. आमाशयातील व्रण, हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग किंवा अन्ननलिकेत वर चढणारे अम्ल, यांपैकी कोणत्याही मूळ कारणावर सोड्याचा इलाज चालत नाही.

चहाच्या सपाट चमच्यात, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम सोड्यात, जवळजवळ १.३ ग्रॅम सोडिअम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडिअम सुचविले आहे. म्हणजे आमच्या रुग्णाचा निम्म्याहून अधिक वाटा न्याहारीपूर्वीच संपत होता! हृदय व वृक्क यांच्या विकारांत हा हिशेब मांडल्याशिवाय पथ्य पूर्ण होत नाही.

अलीकडे 'ढेकर परीक्षा' बरीच बोकाळली आहे. अनशापोटी पाव चमचा सोडा पाण्यातून घ्यावा; पाच मिनिटांत ढेकर न आल्यास अम्ल कमी आहे असे समजावे, असे सांगतात. परंतु ढेकर गिळलेल्या हवेनेही येतो, आणि वायू निर्माण झाला तरी तो ठरलेल्या वेळी वर येईलच असे नाही. शिवाय रिकाम्या आमाशयात त्या क्षणी किती स्राव साठला आहे, हे त्याच मनुष्यात रोज बदलते. अम्लाचे खरे मापन आमाशयात पीएच मोजूनच होते. ढेकरावरून मंदाग्नीचे निदान करणाऱ्यांनी नाडी आणि जिव्हा तरी पाहावी.

सोड्याने 'रक्त अल्कलाइन होते' हा दावाही असाच आहे. रक्ताचा पीएच फुफ्फुसे व वृक्के ७.३५ ते ७.४५ या मर्यादेत राखतात. जादा क्षार मूत्रावाटे बाहेर टाकला जातो. त्यामुळे पट्टीवर मूत्राचा रंग पालटतो आणि रुग्णास तो पुरावा वाटतो. वृक्के थकलेली असतील तर मात्र क्षार खरोखरच साठतो, आणि ती स्थिती घातक असते.

आपल्या शास्त्राला क्षार अपरिचित नाहीत. तथापि चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतिवापर निषिद्ध मानला असून क्षाराच्या अतियोगाने केश, नेत्र, हृदय व पुंस्त्व यांना अपाय सांगितला आहे. स्वर्जिक्षार फसफसणाऱ्या चूर्णाच्या पुडीवर दिसला म्हणजे तो रोज घेण्याजोगा ठरत नाही.

आपल्याकडील शंखभस्म व कपर्दिक भस्म ही कॅल्शिअमची द्रव्ये असून तीही अम्ल निष्प्रभ करतात, हे विसरू नये. दूध व क्षार यांच्या दीर्घ उपचाराने रक्तातील कॅल्शिअम वाढून वृक्के बिघडतात, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पाश्चात्त्य वैद्यकास दिसून आले होते. आपल्या भस्मांबरोबर रुग्ण घरी दूध आणि सोडाही घेत असेल, तर तीच जुळणी होते. लोहकल्पही सोड्याबरोबर देऊ नयेत. अम्ल घटले की लोहाचे शोषण मंदावते.

औषधी विक्रेत्यांनी खाण्याचा व धुण्याचा सोडा एका फळीवर ठेवू नये. धुण्याचा सोडा दाहक आहे. वारंवार सोडा नेणाऱ्या ग्राहकास, विशेषतः काळा मल, वजन घटणे, गिळताना अडथळा वा छातीत दाब अशी तक्रार असल्यास, पुडी न देता तपासणीस पाठवावे.

त्या गृहस्थांचा सोडा सोडविला. पंधरवड्यात सूज बरीच उतरली. पण त्याच सुमारास त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी मूत्रल औषधाची मात्राही वाढविली होती.