नियम मोठा की परिणाम?

रमजान आला की अनेक घरांत एक वाद ठरलेला. इन्सुलिन घेणारे अब्बा म्हणतात, "रोजा फर्ज आहे, चुकवणार नाही." मुलगी म्हणते, "दुपारी साखर उतरून चक्कर आली तर?"

नीतिशास्त्रातला जुना वादही हाच. जर्मन तत्त्वज्ञ कांट कर्तव्याला परिणामांच्या तराजूत घालत नाही. मित्राच्या मागावर असलेल्या खुन्याशीही खोटे बोलू नये, असे त्याने १७९७ च्या एका निबंधात मांडले. इंग्लंडचा जॉन स्टुअर्ट मिल मात्र कृतीची पारख तिच्यातून निपजणाऱ्या सुखदुःखावरून करतो. अब्बा कांटच्या बाजूचे, मुलगी मिलच्या.

कुरआनातील सूरह बकरामध्ये रोजा फर्ज करणाऱ्या आयतींतच (१८३ ते १८५) आजारी आणि प्रवासी यांना सवलत आहे. म्हणजे परिणामांचा विचार नियमातच सामावला आहे. पण सवलत फुकट नाही. बरे झाल्यावर चुकलेले रोजे ठेवायचे, ती कजा. बरे होण्याची आशाच नसेल, तर सर्वसाधारणपणे प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचे, तो फिदिया. त्यामुळे आळसाला आजाराची ढाल करता येत नाही.

कुणाला रोजा झेपेल, हे डॉक्टरांना विचारून रमजानपूर्वीच ठरवावे. अब्बांनी फिदिया दिला, तर इफ्तारच्या दस्तरखानावर त्यांची जागा पहिल्यासारखीच असावी. त्यांना कुणी कमी लेखू नये. त्यांनी स्वतःही नाही.