सेल्फ न उचलणे (मोटारगाडी)

मोटारगाडीची चावी फिरवल्यावर नुसता ‘टिक’ असा आवाज होणे, पण इंजिन न फिरणे, या दोषास वाहनदुरुस्तीच्या बोलीत ‘सेल्फ न उचलणे’ असे म्हणतात. ‘सेल्फ’ म्हणजे इंजिनाला आरंभीची गती देणारी विद्युत मोटर, अर्थात स्टार्टर. हा दोष पुष्कळदा प्रत्यक्ष सेल्फमध्ये नसून बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा जाड तारांच्या जोडण्या यांत असतो. त्यामुळे तपासणी न करता सेल्फ बदलल्यास खर्च होऊनही दोष तसाच राहू शकतो.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या काळातील मोटारगाड्या पुढून हँडल मारून सुरू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिल्यास हँडल मारणाऱ्याचा हात मोडण्याचा धोका असे. अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत बसवण्यात आला. पुढे त्याचा सर्वत्र प्रसार झाला.

कार्यपद्धती

चावी फिरवताच तुलनेने अल्प प्रवाह सोलेनॉइड या विद्युतचुंबकाकडे जातो. त्यातील लोखंडी दांडा (प्लंजर) सरकून दोन कामे करतो. तो सेल्फचे लहान दंतचक्र फ्लायव्हीलच्या दात्यांत गुंतवतो आणि तांब्याचे जाड संपर्क जोडून मोटरीला बॅटरीचा मुख्य प्रवाह देतो. लहान पेट्रोल गाडीत हा प्रवाह साधारणतः १०० ते २०० अँपिअर असतो. डिझेल गाडीत तो अधिक असतो. हेडलाइट व हॉर्न यांना त्या मानाने फारच कमी प्रवाह पुरतो. म्हणून ‘दिवे लागतात, अर्थी बॅटरी चांगली आहे’ हा समज बरोबर नाही.

आवाजावरून निदान

• जलद टिकटिक: बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल असल्याचे हे लक्षण होय. प्लंजर संपर्क जोडतो, मोटर मोठा प्रवाह ओढू लागते, विद्युतदाब कोसळतो आणि प्लंजर सुटतो. भार जाताच दाब पुन्हा वाढतो व हेच चक्र वेगाने चालू राहते.

• एकच ठळक खटका: हेडलाइट लावून चावी फिरवावी. दिवे अगदी मंद झाल्यास बॅटरी, जोडणी, अडकलेला सेल्फ किंवा जाम झालेले इंजिन यांचा संशय घ्यावा. दिवे तेजस्वीच राहिल्यास प्रवाह मोटरीतून वाहत नाही. सोलेनॉइडचे संपर्क जळालेले किंवा मोटरीचे कार्बन झिजलेले असू शकतात.

• आवाजच नाही: फ्यूज, रिले, चावीचा स्विच तसेच क्लच किंवा गिअरशी निगडित सुरक्षा-स्विच तपासावा लागतो. रिलेचाही बारीक टिक आवाज येतो. तो सोलेनॉइडचा समजू नये.

विद्युतदाबाची तपासणी

स्वस्थ स्थितीत पूर्ण भारित १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२.२ व्होल्ट असल्यास बॅटरी जवळपास निम्मी उतरलेली असते. सेल्फ मारताना दाब साधारणतः ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. जोडणीतील अत्यल्प रोधही महत्त्वाचा ठरतो: ०.०२ ओहम रोधातून १५० अँपिअर प्रवाह गेल्यास ३ व्होल्ट तेथेच वाया जातात. म्हणून सेल्फ मारत असताना बॅटरीचे धन टोक व सेल्फचे जाड टर्मिनल यांदरम्यान मल्टीमीटर लावतात. तेथे सुमारे ०.५ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसल्यास तार, जोडणी किंवा सोलेनॉइडचे संपर्क सदोष समजतात. ऋण टोक व इंजिनाचा धातू यांमधील अर्थिंगची तारही अशीच तपासतात.

उपाय व दक्षता

टर्मिनलवरील पांढरा वा हिरवट क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व ब्रशने काढतात. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. तार सोडवताना ऋण टोक प्रथम काढावे व जोडताना ते शेवटी लावावे.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेताना जंपर केबलचा क्रम पाळावा. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला लावावे. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने पेट घेतो. म्हणून शेवटची जोडणी बॅटरीपासून दूर करतात. केबल काढताना हाच क्रम उलटा ठेवावा.

हाताने बदलण्याच्या गिअरची गाडी धक्का मारून सुरू करता येते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत हा उपाय सहसा चालत नाही. सेल्फवर हलके ठोकल्याने झिजलेले कार्बन तात्पुरते टेकून गाडी सुरू होऊ शकते, परंतु ती दुरुस्ती नव्हे. स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडची टर्मिनल जोडणे धोक्याचे आहे, कारण गाडी गिअरमध्ये असल्यास ती समोरच्या माणसाच्या अंगावर येऊ शकते.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीचा दाब सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. तो न वाढल्यास अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा सदोष असण्याची शक्यता असते. अशा वेळी नवी बॅटरी बसवली तरी तीही उतरते आणि तोच दोष पुन्हा उद्भवतो.