रास्पबेरी पाय जागा होतो तेव्हा

पत्त्यांच्या जोडाएवढ्या ‘रास्पबेरी पाय ४’ला वीज दिली की लिनक्स लगेच सुरू होत नाही. आधी चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला, कधीही न बदलणारा छोटा प्रोग्राम जागा होतो. गंमत म्हणजे तो मुख्य प्रोसेसरवर नव्हे, तर ग्राफिक्सच्या भागात चालतो आणि पुढची तयारी करणारा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, शोधतो. २०१२ च्या पहिल्या पायमध्ये बूटलोडर एसडी कार्डावर असे. २०१९ च्या पाय ४ मध्ये तो बोर्डावरच्या स्वतंत्र मेमरी चिपमध्ये गेला. तो रॅम चालू करतो आणि पुढचे फर्मवेअर आणतो; ते फर्मवेअर लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल आणते आणि त्याला सोबत ‘डिव्हाइस ट्री’ देते. ही बोर्डावर कुठे काय जोडले आहे याची यादी. यूएसबी उपकरण स्वतःची ओळख सांगते. पण बोर्डावरचे बरेच भाग मुके असतात, म्हणून ही यादी लागते.

खरे काम पुढेच असते. कर्नल सतत बदलतो. एखादा भाग चालवणारा ड्रायव्हर कर्नलच्या मुख्य स्रोतात नसेल, तर दर आवृत्तीला तो नव्याने जुळवत बसावे लागते; नाहीतर चांगला बोर्ड जुन्या कर्नलवर अडकतो. बूटलोडरही अपडेट करावा लागतो; ते अपडेट मध्येच फसले, तरी कोरलेला प्रोग्राम शाबूत असतो. एसडी कार्डावरून पाय ४ पुन्हा उभा करता येतो.